दुरडीतल्या दोन चांदक्या

शाम्याला दोघांनी धरून टेबलावर उभं केलं, तर त्याचे मागचे पाय घसरले आणि तो तसाच मुतला. मूत कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. पत्र्याच्या टेबलावरून ओघळून ते माझ्या लुगड्यावर आलं. मी बाजूला झाले नाही. बाजूला व्हायला अंगात जोर नव्हता.

डॉक्टरबाईंनी त्याचा ओठ वर उचलला. "आजी, इकडं बघा. हिरड्या गुलाबी पाहिजेत. ह्या कशा दिसतात?"

चुना दिलेल्या भिंतीसारख्या दिसत होत्या.

"काय खाऊ घातलंत याला?"

माझा मुलगा बालाजी कुत्र्याची मान धरून उभा होता. त्याच्या खिशातला फोन चालू होता आणि पुण्याहून त्याची मुलगी ऋतुजा सगळं ऐकत होती. कुत्रा तिचा. मी म्हणाले, "त्याच्या पिशवीतल्या गोळ्या. वरून जराशी भाकर. दुसरं काय न्हाई."

डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं.

ते खोटं होतं. मी सत्तरी ओलांडलेली बाई, आणि उदगीरच्या जनावरांच्या दवाखान्यात उभी राहून कुत्र्याच्या खाण्यावरून खोटं बोलले. शाम्याच्या इलाजाचा एक दिवस त्यात वाया गेला. आता कुणी कुत्रं घेऊन दवाखान्यात गेलं तर एवढं तरी करावं, म्हणून हे लिहिते आहे. काय खाऊ घातलं ते खरं सांगा. लाज नंतर वाटून घ्या.

गोळ्या

शाम्या जातीचा कुत्रा आहे, लॅब्रॅडॉर. त्याचं खरं नाव सॅमी, पण आमच्या गल्लीत ते कुणी म्हणत नाही. ऋतुजा नांदेडला शिकत होती तेव्हा तिनं तो पाळला. पुढं पुण्याला नोकरी लागली, तिथला घरमालक कुत्रं ठेवू देईना. म्हणून दिवाळीत ती त्याला आमच्या गावी घेऊन आली. गाव जळकोटजवळ. सोबत एक मोठी पिशवी, तिच्यात तपकिरी गोळ्या, आणि मापाला एक वाटी.

"आजी, सकाळी दोन वाट्या, संध्याकाळी दोन वाट्या आणि पाणी. घरातलं काहीच द्यायचं नाही."

"चहा?"

"चहा तर अजिबात नाही."

"मग त्यानं जगायचं कशासाठी?"

ती हसली नाही. म्हणाली, "शपथ घे." मी घेतली. शपथ घ्यायला काय लागतं.

त्या गोळ्या मला शेळीच्या लेंड्यांसारख्या वाटायच्या. एक मी दाताखाली धरून पाहिली होती. मीठ नाही, तेल नाही, वास मात्र वाळल्या मासळीचा. जे मला तोंडात धरवत नाही ते दुसऱ्याच्या पोटात कसं घालावं, असं माझं मत. घरात काय बनतंय हे मला दिसतं, पिशवीत काय भरलंय ते दिसत नाही. म्हणून घरचं चांगलं. माणसांच्या बाबतीत हे मत मी आजही बदललेलं नाही. कुत्र्याचं पोट वेगळं असतं हे मला ठाऊक नव्हतं आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांचं मी ऐकलं नाही.

सून सुरेखा दोनदा बोलली. "आत्याबाई, पोरगी सांगून गेलीय ना? द्या की तेच."

"तू तुझं बघ," मी म्हणाले. आमच्यात नेहमी असंच असतं.

पंधरा दिवसांत मी गोळ्या एक वाटीवर आणल्या आणि वरून भाकरी, वरण, ताकातला भात सुरू केला. त्यानं काही बिघडलं नाही. शाम्या खूश होता. त्यामुळं मला वाटलं, माझंच खरं.

चांदकी

आमच्यात भाकरी थापून झाल्या की काठवटीत जे पीठ चिकटून राहतं, ते खरवडून त्याची तळहाताएवढी शेवटची भाकरी करतात. तिला चांदकी म्हणतात. ती कुत्र्याची. माझी सासू करायची, मी करते. घरातल्या माणसांची जेवणं झाली की चांदकी कुत्र्याला टाकायची आणि मग मी बसायचं, जे उरलं असेल ते घेऊन. मला कुणी शेवटी बस म्हणालं नव्हतं. पण आधी बस असंही कुणी म्हणालं नव्हतं.

ही चांदकी शाम्याची नव्हती. ती तांबीची.

तांबी शेतातली कुत्री. तांबडी म्हणून तांबी. तिला कुणी आणलं नाही आणि कुणी हाकललंही नाही. रात्रंदिवस शेतात, रानडुकरांवर भुंकायची. दुपारी चांदकीच्या वेळेला घरी येऊन उंबऱ्याबाहेर बसायची. चांदकी तोंडात धरायची आणि परत शेतात. माझ्यासमोर तिनं कधी खाल्ली नाही. सात वर्षं हाच नेम. तिला सुई नाही, पट्टा नाही, दवाखाना नाही. शाम्या आल्यावर ती त्याला लांबून बघायची. भांडली नाही.

येळवस

येळवस आमचा मोठा सण. थंडीतल्या अमावस्येला सगळं घर शेतात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, पूजा करायची, पिकावर आंबील शिंपडायची आणि मग जेवायचं. जेवणात मुख्य भज्जी. ही पुण्या-मुंबईची तळलेली भजी नव्हे. ओला हरभरा, तूर, वाटाणा, शेंगदाणे, भाज्या, बेसन, चिंच सगळं एका पातेल्यात शिजवतात आणि त्यात लसणाची पात, कांद्याची पात, ओला लसूण मोजायचा नाही, ओंजळीनं टाकायचा.

त्या वर्षी मी तीस माणसांची भज्जी केली आणि सुरेखाच्या माहेरची माणसं आलीच नाहीत. नायगावकडं कुणी वारलं. अर्धं पातेलं उरलं. येळवशीचं अन्न आम्ही टाकत नाही. लक्ष्मीचं असतं ते. थंडीत लवकर आंबतही नाही. पातेलं घरी आणलं, रोज दोनदा गरम केलं. घरातली माणसं दुसऱ्या दिवशीच कंटाळली.

शाम्या कंटाळला नाही. पहिल्या दिवशी त्याला पितळीभर दिली, त्यानं पितळी चाटून भिंतीपर्यंत नेली. असं चार दिवस सकाळ-संध्याकाळ तेच. गोळ्यांकडं तो बघेना. मी सुरेखाला म्हणाले, "बघ, खरं अन्न कोणतं ते जनावराला कळतंय." लसूण रक्त साफ करतो असं मी लहानपणापासून ऐकलेलं. कुत्र्याचं चांगलंच होणार.

शेवटी तळाची खरवड राहिली. लसूण-कांदा सगळा तिथं बसलेला. ती मी दोन दिवस चांदकीसोबत तांबीला घातली. तिनं पहिल्यांदा माझ्यासमोर खाल्लं. उचलून नेता येण्यासारखं नव्हतं ते.

सातव्या दिवशी शाम्यानं ओकारी केली. आठव्या दिवशी त्याला उंबरा ओलांडता येईना. भात्यासारखा धापा टाकायला लागला. बालाजीनं शेजाऱ्याची गाडी काढली आणि आम्ही उदगीरला निघालो. निघण्याआधी मी भाकरी केल्या, चांदकी दुरडीत ठेवली. तांबी आली की टाक, असं सुरेखाला सांगितलं.

पहिला दिवस

डॉक्टरबाई वयानं माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी. बिलोलीकडची. बोलायला घाई नाही, हाताला घाई. माझं ऐकून तिला गोचिडाचा ताप वाटला. त्यातही मूत लाल होतं म्हणे. शाम्याच्या कानात दोन गोचिड्या सापडल्याही. त्याची सुई दिली, सलाईन लावलं.

जनावरांचा दवाखाना माणसांच्या दवाखान्यापेक्षा बरा. इथं कुणी मोठेपणा करत नाही. म्हैस असो, पोपट असो, सगळ्यांचे मालक एकाच नळावर पाणी पितात आणि पाचव्या मिनिटाला एकमेकांच्या जनावराला काय झालं ते विचारतात. मी सांगितलं, गोचिडाचा ताप. तेवढंच खोटं पुन्हा पुन्हा सांगत बसले.

लुगडं धुवायला म्हणून बेसिनपाशी गेले. तिथं भिंतीला आरसा होता. आमच्या घरी आरसा आहे, पण कुंकू लावायचं सुटल्यापासून मी त्यात बघत नाही. मी ओठ वर उचलला, बाईंनी शाम्याचा उचलला तसा. मग डोळ्याखालची पापणी ओढली.

पांढरं.

मी ओठ खाली सोडला, लुगडं पिळलं आणि बाहेर येऊन बसले. कुणाला बोलले नाही. गेल्या दोन वर्षांपासून मला जिना चढवत नव्हता, कानात सारखं घुमायचं, काठवट उचलताना डोळ्यासमोर अंधारी यायची. मी वयावर ढकललं होतं. आणि शौचाला रक्त जायचं, ते कुणाला सांगायचं?

संध्याकाळी शाम्याला घरी आणलं. दवाखान्यात मुक्कामाची सोय नव्हती, रोज न्यायचं आणि आणायचं. दुरडीत चांदकी तशीच होती.

"तांबी आली न्हाई?"

"न्हाई," सुरेखा म्हणाली. "शेतात उंदरं धरत असंल."

मला बरंच वाटलं. एक काम कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी केल्या, नवी चांदकी जुनीवर ठेवली आणि गाडीत बसले.

दुसरा दिवस

शाम्याला उचलूनच न्यावं लागलं. डोळे उघडे, पण बघणं नाही. डॉक्टरबाई आत जाऊन रक्त बघून आल्या आणि माझ्यासमोर स्टुलावर बसल्या. उभ्यानं बोलल्या असत्या तर मी पुन्हा खोटं बोलले असते.

"आजी, हे गोचिडाचं नाही. याचं रक्त आतल्या आत फुटतंय. काहीतरी पोटात गेलंय. उंदराचं औषध होतं का घरात?"

"न्हाई."

"कांदा? लसूण?"

बालाजीनं माझ्याकडं बघितलं. तो लहान असल्यापासून असा बघतो, मला सगळं माहीत आहे असं समजून.

"भज्जी," मी म्हणाले. "येळवशीची. चार दिवस. दोन टायम."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काल सांगितलं असतं तर बरं झालं असतं." एवढंच. मला त्यापेक्षा शिव्या चालल्या असत्या.

फोनमध्ये ऋतुजा होतीच. तिनं मात्र काही राखून ठेवलं नाही. "आजी, तू शपथ घेतली होतीस! त्याला तू मारून टाकलंस!" बालाजी म्हणाला, "अगं, आजी हाय ती." ती म्हणाली, "मग आजी हाय म्हणून काय झालं?" बरोबरच होतं तिचं.

बाई म्हणाल्या, रक्त चढवावं लागेल, दुसऱ्या कुत्र्याचं. मोठं, धडधाकट कुत्रं पाहिजे, आणि आत्ता पाहिजे. "तुमच्याकडं दुसरं कुत्रं आहे का?"

"हाय," मी म्हणाले. "शेतात एक कुत्री हाय. चांगली दणकट."

बालाजीनं सुरेखाला फोन लावून माझ्या हातात दिला आणि स्वतः गाडी वळवायला गेला. मी म्हणाले, "तांबीला धर आणि बांधून ठेव. बालाजी न्यायला यायलाय." ती शेताकडं गेली. आम्ही वाट बघितली. शाम्याची छाती वर-खाली होत होती, ती मी मोजत होते आणि मध्येच चुकत होते.

फोन आला.

"आत्याबाई, तांबी कोपीत हाय."

"मग बांध की."

"बांधायला राहिली न्हाई ती."

मला कळलं होतं, पण मी विचारलं, "म्हंजे?"

"मेलीय. कालच मेली असंल. मुंग्या लागल्यात. कोपीत पाच दगडांपाशी पडलीय." मग सुरेखा म्हणाली, "तिच्या खाली लाल झालंय, आत्याबाई. मुतासारखं."

मी फोन बालाजीला दिला. तो गाडी चालू ठेवून उभा होता. त्यानं गाडी बंद केली.

फौजदार

आमचं बोलणं बाकड्यावरच्या एका माणसानं ऐकलं. एका तांड्यावरून तो शेळी घेऊन आला होता, तिचं पोट फुगलं होतं. त्याच्यासोबत एक कारवानी कुत्रा आला होता, उंच, लांब तोंडाचा, बरगड्या दिसणारा, पण चालण्यात ऐट. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. टेम्पोमागं पळत आला होता म्हणे.

"फौजदाराचं घ्या की रक्त," तो म्हणाला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "सुया दिल्यात का याला?"

"सगळ्या. माझ्या पोरांपेक्षा जास्ती."

"थोडा अशक्तपणा येईल."

"येऊ द्या. आठ दिवस चोऱ्या कमी करंल."

बाईंनी दोघांचं रक्त थेंब थेंब मिसळून बघितलं आणि मान हलवली. फौजदाराला आडवं केलं. त्याची मान धरायला मालक आणि पाय धरायला बालाजी. कुत्रा एकदा गुरगुरला, मालकानं नावानं दटावलं, मग गप्प पडून राहिला. त्या माणसाला मी काय देणार होते? पिशवीत शेंगाची पोळी होती, ती दिली. त्यानं अर्धी स्वतः खाल्ली आणि अर्धी कुत्र्याला देणार तेवढ्यात थांबला. "हे चालतंय का, मॅडम?" सगळे हसले. मीही हसले. शाम्याच्या पायात लाल नळी जात होती आणि मी हसत होते.

हसता हसता मी खाली बसले. बसले म्हणजे पडलेच. उठवलं तेव्हा डॉक्टरबाई माझी पापणी ओढून बघत होत्या.

"आजी, तुमचं रक्त कधी तपासलंय?"

"मी काय कुत्रं हाय?"

"कुत्रं असता तर काल टेबलावर घेतलं असतं," त्या म्हणाल्या. "माणूस आहात म्हणून कुणी बघितलं नाही. यांना आजच माणसांच्या डॉक्टरकडं न्या."

बालाजीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्याच्या एका हातात कुत्र्याचा पाय आणि दुसऱ्या हातात माझा दंड.

नांदेड

त्या दिवशी मी बालाजीला दाद दिली नाही. ऋतुजा दुसऱ्या दिवशी पुण्याहून आली. आधी शाम्याकडं गेली. त्यानं शेपटी दोन बोटं हलवली. मग ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, "चल." तिची एक मैत्रीण नांदेडच्या एका दवाखान्यात नर्स आहे, म्हणून नांदेड. शाम्याचं सलाईन बालाजीनं सांभाळलं, मला ऋतुजानं नेलं.  वाटेत नायगावला चहा घेतला, तोही दोघींनी वेगवेगळ्या दिशेला बघून.

माझं रक्त निम्म्याच्याही खाली होतं. तिथला डॉक्टर म्हणाला, "मावशी, तुम्ही चालत कशा होता?" मी म्हणाले, "हळू." रक्त कुठून जातं ते विचारलं. मी ऋतुजाला बाहेर जा म्हणाले. ती गेली नाही. "परत खोटं बोलशील," म्हणाली. मग तिच्यासमोरच सांगितलं. मूळव्याध, दोन वर्षांपासून, जास्तही असेल. आणि दिवसभरात काय खाता? सकाळी चहा. दुपारी सगळ्यांचं झाल्यावर अर्धी भाकरी आणि कोरड्यासाला असेल ती भाजी. रात्री चहा-भाकरी. येळवशीची भज्जी? ती सगळ्यांना वाढेपर्यंत माझी भूक मेली होती.

मी बाकीच्यांना दोष देत नाही. माझ्या ताटात काय आहे ते कुणी बघितलं नाही, तसं मीही दाखवलं नाही. पण ऋतुजा कुत्र्याला वाटीनं मोजून घालायला सांगून गेली होती, आणि मी त्या वाटीवर हसले होते. तिथं खाटेवर पडून हे आठवत राहिलं.

रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. रक्त थंड असतं, हातातून आत जाताना कळतं. भीती वाटली. मरायची नाही, ती माझ्या वयाला एवढी राहत नाही. भीती याची की शाम्या आधी मेला तर ऋतुजा या खाटेशेजारी बसेल का. सकाळी सहाला झाडूवाली, सातला सुई, आठला डॉक्टरांची फेरी, मग दिवसभर काही नाही. शेजारच्या खाटेवरची बाई कंधारकडची, पित्ताच्या खड्याची. तिनं विचारलं, "कोण आजारी पडलं आधी, तुमी का कुत्रं?" मी म्हणाले, "मी. पण कळलं त्याचं आधी." ती पोट धरून हसली आणि टाके दुखले म्हणून मला शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी बालाजीचा फोन आला. ऋतुजानं ऐकलं, फोन ठेवला आणि म्हणाली, "उठून पाणी प्याला. मूत पिवळं झालंय."

मग ती माझ्या पायाशी बसली. "तांबीचं कुणीच बघितलं नाही ना?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "तिला कोण बघणार होतं."

दोन कागद

आता स्वयंपाकघरात दोन कागद चिकटवलेत. एक शाम्याचा, डॉक्टरबाईंनी लिहिलेला. दुसरा माझा, नांदेडचा. दोन्ही ऋतुजानं मोठ्या अक्षरांत उतरवून दिले, मला वाचता यावेत म्हणून.

शाम्याचा सांगते, कुणाच्या उपयोगी पडला तर. डॉक्टरबाई गोळ्यांच्याही विरोधात नाहीत आणि घरच्याच्याही नाहीत. चांगल्या गोळ्या घेतल्या तर त्यात सगळं मापात असतं, पिशवीवर कुत्र्याच्या वयाचं आणि वजनाचं लिहिलेलं बघून घ्यायच्या, तारीख बघायची, एकदम बदलायच्या नाहीत, जुन्यात नव्या थोड्या थोड्या मिसळत आठवड्यात बदलायच्या. घरचं घालायचं तर वेगळं शिजवायचं. भात किंवा भाकरी, उकडलेलं अंडं, कोंबडीचं मांस हाडं काढून, भोपळा, गाजर. मीठ, मसाला, फोडणी नाही. कांदा आणि लसूण कुठल्याच रूपात नाही, कच्चा नाही, शिजवलेला नाही, रश्श्यातून नाही. द्राक्षं आणि मनुके नाहीत, आणि आमच्या भागात द्राक्षं लई. चहा नाही, चॉकलेट नाही. नुसत्या घरच्यावर ठेवायचं असेल तर डॉक्टरला विचारून ठेवायचं, मनानं नाही. आणि जातीच्या कुत्र्याचं पोट नाजूक, गावठीचं लोखंडाचं, हे डोक्यातून काढून टाकायचं. हे शेवटचं बाईंनी लिहिलं नव्हतं. मी ऋतुजाला लिहायला लावलं.

माझ्या कागदावर पालेभाजी, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, गूळ, लिंबू, आणि जेवणाबरोबर चहा नाही. चहा दोघांच्याही कागदावर आहे. ऋतुजा म्हणते, "आता विचार की, जगायचं कशासाठी?"

सुरेखानं एक केलं. कुणाला न विचारता, मी नांदेडहून आले त्या दुपारी पहिलं ताट मला वाढलं. बालाजी शेतातून यायचा होता. मी म्हणाले, "अजून माणसं जेवायचीत." ती म्हणाली, "जेवतेल की. हात हाय त्यांना." मला त्या दिवशी घास गिळायला वेळ लागला. सवय नव्हती. अजूनही कधी कधी मी उठून काहीतरी करायला लागते आणि ती हाताला धरून बसवते. आमचं बाकी भांडण आहे तसंच आहे.

त्याच दिवशी दुरडी झटकायला घेतली, तर तळाशी दोन चांदक्या होत्या, एकावर एक, वाळून खडखडीत. सुरेखाला टाकवल्या नव्हत्या. मलाही टाकवल्या नाहीत. पाण्यात भिजवून गाईला घातल्या.

यंदा

औंदाची येळवस झाली. भज्जी केली, मोजक्या माणसांची, तरी उरली. उरलेलं पातेलं मी स्वतः उकिरड्यावर नेऊन ओतलं आणि वर शेण-माती ढकलली, कुठल्या कुत्र्यानं उकरू नये म्हणून. शेजारची म्हातारी ओरडली, "लक्ष्मीचं अन्न उकिरड्यावर? कुठं फेडशील?" मी म्हणाले, "इथंच फेडूलालेय." पातेलं घासून पालथं घातलं आणि दम लागला म्हणून तिथंच बसले. शाम्या त्याच्या गोळ्या खाऊन माझ्याशेजारी येऊन पडला. तोही लवकर दमतो आता.

कोपी तिथंच केली होती, त्याच जागी. जागा बदलायची नसते.

त्या वर्षी आमच्या घरात तिघांचं रक्त कमी झालं होतं. तांबी मेली. शाम्या वाचला. मी वाचले.